‘माझी आई’ : पोरकेपणाचा स्वीकार, त्याचे रूप आणि त्याची भाववृत्ती

नारायण सुर्वे यांच्या कवितेविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५) आणि ‘नव्या माणसाचे आगमन’ (१९९५) या संग्रहांतून साकारलेले त्यांचे कविव्यक्तिमत्त्व ‘कामगारकवी’ या एका बिरुदात बसवून टाकण्याची सवय समीक्षेला आणि त्याहूनही अधिक आपल्या अध्यापनाला लागलेली आहे. त्यामुळे त्यांच्या कवितेचा आशय काय, हे विद्यार्थी न वाचताही सांगू शकतो. तिचे रूप कसे आहे, हे मात्र वाचूनही सांगता येत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नसते. प्रस्तुत लेखात सुर्वे यांच्या ‘माझी आई’ या एकाच कवितेच्या रूपाचा आणि भाववृत्तीचा विचार करावयाचा आहे. ही कविता मार्गदर्शकांतून ‘मातृप्रेमाची कविता’ म्हणून शिकवली जाते. माझ्या मते ती मातृप्रेमापेक्षा एका वेगळ्या आणि अधिक अवघड अनुभवाची कविता आहे. बालपणाने जे आहे ते स्वीकारणे, हा तो अनुभव होय.

‘स्वीकार’ हा शब्द येथे दोन अर्थांनी वापरावा लागेल. एक अर्थ मुलाला स्वीकारले जाण्याचा. मराठीत यासाठी मोठे अर्थपूर्ण वाक्प्रचार आहेत. मूल ‘पदरात घेतात’, ‘ओटीत घालतात’, दत्तक घ्यावयाचे असेल तर ‘मांडीवर घेतात’. प्रत्येक ठिकाणी शरीराचा किंवा वस्त्राचा आधार आहे, स्वीकार ही केवळ मनाची गोष्ट राहत नाही. दुसरा अर्थ मुलाने स्वतः स्वीकारण्याचा. वाट्याला आलेले, न निवडलेले, बदलता न येणारे असे काही मूल आपलेसे करते तो. पहिल्या स्वीकारात मूल कर्म असते, दुसऱ्यात ते कर्ता होते. ‘माझी आई’ या कवितेत मूल कर्माचे कर्ता कसे होते, हे पाहणे म्हणजेच या कवितेचे रूप पाहणे होय, असे मला वाटते.

कवितेतील घटनाक्रम अगदी थोडा आहे. पहाट होत असते, गिरण्यांचे भोंगे वाजू लागतात, माणसांचे तांडे त्या दिशेने निघतात आणि त्यांत आई असते. ती भरभर चालते, पण मागे वळून पाहते. मुलांना भांडू नका म्हणून बजावते आणि हातावर किरकोळ पैसे ठेवते. दसऱ्याला ती मुलांना गिरणीत नेते, आपले काम, आपले खाते दाखवते. पुढे एक दिवस असा येतो की आई जिवंत परतत नाही. त्या रात्री पाच भावंडे एकमेकांना बिलगून एकच चादर ओढून घेतात. त्यांची रात्र जागत जाते. कविता येथे संपते. मृत्यूचे कारण, गिरणीमालक, नुकसानभरपाई, बाप, नातेवाईक यांपैकी कशावरही कवीने शब्द खर्च केलेला नाही. कामगार चळवळीत वाढलेल्या कवीने हे करावे, ही गोष्ट सहजासहजी ओलांडून जाण्यासारखी नाही.

क्रियापदांचा काळ

या कवितेच्या रूपाचे रहस्य तिच्या क्रियापदांत आहे, असे माझे मत आहे. कवितेचा पूर्वार्ध जवळजवळ संपूर्णपणे रीतिभूतकाळात आहे. शालेय व्याकरणात हा काळ आपण ‘तो जाई’, ‘ती येई’, ‘ते बसत’ अशा उदाहरणांनी शिकवतो आणि ‘पूर्वी नेहमी घडणारी क्रिया’ अशी त्याची व्याख्या सांगून पुढे जातो. परंतु रीतिभूतकाळ केवळ कालदर्शक नसतो, त्याला स्वतःचा असा एक भाव असतो. जे नेहमी घडत असे, ते उद्याही घडेल असा एक भरवसा त्या रूपात वसलेला असतो. आपल्या ओव्यांतून, आजीच्या गोष्टींतून हा काळ वारंवार येतो तो याच कारणाने. भोंगा वाजण्याची, आईने वळून पाहण्याची, पैसे हातावर ठेवण्याची क्रिया या काळात सांगितली की ती घटना न राहता रीत बनते, जवळजवळ विधी बनते. लहान मुलाचे जग असेच असते. त्याच्या लेखी आई ‘गेली’ नसते, ती ‘जात असते’. आणि जात असते म्हणूनच येत असते.

उत्तरार्धात हा काळ तुटतो. एकदाच घडलेली आणि पुन्हा कधीही न घडणारी गोष्ट साध्या भूतकाळात येते. रीतीच्या जागी घटना येते. वाचकाला कवी ‘आता दुःखद प्रसंग सांगतो’ असे कुठेही सांगत नाही, स्वर चढवत नाही, विशेषणांची भर घालत नाही. केवळ क्रियापदाचे रूप बदलते आणि मुलांचे जग संपते. मराठी कवितेत काळबदलाचा इतका काटकसरीचा आणि इतका परिणामकारक उपयोग फार थोड्या ठिकाणी सापडेल.

यातील आणखी एक सूक्ष्म पायरी लक्षात घेण्याजोगी आहे. शेवटच्या भागात चादर ओढून घेण्याची क्रिया पूर्ण झालेली आहे. जागण्याची क्रिया अपूर्ण भूतकाळात लांबत राहते, रात्र संपता संपत नाही. त्यानंतरची अखेरची क्रिया मात्र पुन्हा पूर्ण भूतकाळातील आहे आणि ती ‘होण्या’ची आहे. त्या रात्रीतून मुले काहीतरी ‘झाली’. आई काय करीत असे येथपासून निघालेली कविता आम्ही काय झालो येथे येऊन थांबते. कर्म असलेली मुले कर्ता झाली ती या अखेरच्या क्रियापदात. मी वर ज्याला दुसऱ्या अर्थाचा स्वीकार म्हटले, त्याची व्याकरणातील जागा ही आहे.

ओळींची घडणही याच्याशी सुसंगत आहे. ओळी आखूड आहेत, बहुतांशी आठ-दहा अक्षरांच्या आसपास रेंगाळणाऱ्या. वृत्ताची सक्ती नाही, पण मुक्तछंदाचा सैलपणाही नाही. यमके आहेत, ती प्रामुख्याने क्रियापदांच्या अंत्य प्रत्ययांची आहेत. म्हणजे यमकासाठी कवीने शब्द शोधलेले नाहीत, रीतिभूतकाळानेच ती आपोआप पुरविली आहेत. एकसारखा प्रत्यय पुन्हा पुन्हा येऊन ठेका धरतो आणि तो ठेका भरभर चालणाऱ्या पावलांचा आहे. काळ बदलला की हे प्रत्यय जातात आणि यमकांची चालही बदलते. ज्यांना हे अतिरेकी वाचन वाटेल त्यांनी कविता एकदा वर्गात मोठ्याने वाचून पाहावी. उत्तरार्धात आवाज आपोआप खाली येतो, वाचणाऱ्याने ठरवले नसले तरी.

दिंडी आणि कलंदर

प्रतिमांच्या बाबतीत ही कविता कमालीची कृपण आहे. परंतु जे दोन शब्द तिने आरंभी आणि अखेरी ठेवले आहेत, त्यांनी तिचे सारे क्षेत्र व्यापले आहे. भोंग्याकडे निघालेल्या कामगारांच्या रांगांना कवी ‘दिंडी’ची उपमा देतो. शेवटी मुलांसाठी जो शब्द येतो तो ‘कलंदर’ असा आहे.

दिंडी या शब्दाचे वजन नाशिक परिसरातील वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात नाशकातून पुढे जाते, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून आपण सर्वांनीच ती पाहिलेली असते. दिंडीला क्रम असतो, मुक्काम असतात आणि मुख्य म्हणजे पंढरपूर असते. गिरणीकडे जाणाऱ्या रांगेला दिंडी म्हणताना कवी उपहास करीत आहे की गौरव, असा प्रश्न परीक्षेत विचारला जातो. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. हे पाहणारी दृष्टी मुलाची आहे आणि मुलाला दिंडीत जमावाहून वेगळी अशी एकच गोष्ट दिसते. तीत गेलेले माणूस परत येते. वारकऱ्याला परतवारी असते.

कलंदर हा शब्द सूफी फकिरांच्या परंपरेतून आपल्याकडे आला. घरदार नसलेला, कोणत्याही मठाचा किंवा मुक्कामाचा बांधलेला नसलेला असा तो भटका. मराठीत त्याला पुढे बेफिकीर, मनस्वी माणसाचा अर्थ चिकटला आणि ‘कलंदर कलावंत’ अशा शब्दप्रयोगांतून तो कौतुकाचा झाला. सुर्वे यांनी तो पाच अनाथ मुलांना लावला आहे. त्याच्या आधी संपूर्णता दाखविणारे क्रियाविशेषण घातले आहे. कौतुकाचा शब्द अशा ठिकाणी येतो तेव्हा त्याचा मूळ अर्थ उघडा पडतो. ज्याला मुक्काम उरलेला नाही तो कलंदर. वारकरी परंपरेतील शब्दाने सुरू होऊन सूफी परंपरेतील शब्दावर संपणारी ही कविता म्हणजे, मुक्काम असलेल्या चालण्यापासून मुक्काम नसलेल्या चालण्यापर्यंतचा प्रवास आहे. गिरणगावात हे दोन्ही शब्द एकाच चाळीत नांदत होते, त्यामुळे कवीला ते कोशातून आणावे लागले नाहीत.

या दोहोंच्या मधोमध चादर आहे. मराठी कवितेत आईच्या मायेचे वस्त्र म्हणजे पदर. आई गेल्यावर पदर जातो. मुले चादर ओढून घेतात आणि तिलाच आईची माया समजतात. ‘समजतात’ हे क्रियापद येथे मोलाचे आहे. मुलांना चादर आणि आई यांतील फरक कळत नाही असे नव्हे, तो कळूनही ती तसे समजण्याचे ठरवतात. पदरात घेणारे कोणी नाही, तेव्हा पांघरूण आपणच ओढून घ्यावयाचे, हा निर्णय झाला. ती चादर गिरणीतल्या कापडाचीच असावी, आईच्या हाताखालून गेलेल्या सुताची असावी, असे म्हणण्याचा मोह होतो. कविता तसे काही म्हणत नाही आणि समीक्षकाने तिच्या तोंडी ते घालू नये.

अश्रू अडविणारा करुण

भाववृत्तीचा विचार करताना भारतीय साहित्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते, पण एका मर्यादेपर्यंतच. भरताने करुण रसाचा स्थायिभाव शोक हा मानला. अश्रुपात, विलाप, गात्रे शिथिल होणे हे त्याचे अनुभाव सांगितले. ‘माझी आई’ या कवितेत स्थायिभाव शोकच आहे, विभावही स्पष्ट आहेत. अनुभाव मात्र जाणीवपूर्वक रोखलेले आहेत. मुले रडत नाहीत असे नाही, ती अश्रूंना आडकाठी घालतात. रडणे आतून दारावर धडका देत आहे आणि पाच लहान जीव ते दार आतून लावून धरून बसले आहेत, असे हे चित्र आहे. रडू येणे नैसर्गिक, ते अडविणे शिकावे लागते. ते शिकायला मिळालेला अवधी किती, तर एक रात्र.

येथे मराठीतील दोन सुपरिचित मातृकवितांशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. यशवंत यांच्या ‘आई’ या कवितेत दुसऱ्या कोणीतरी आपल्या आईला मारलेली हाक ऐकून मातृहीन मुलाच्या मनात कालवाकालव होते. माधव ज्यूलियन यांच्या ‘प्रेमस्वरूप आई’ या कवितेत दिवंगत आईला आळविले आहे आणि पुन्हा तिच्याच पोटी जन्म मागितला आहे. दोन्ही कविता श्रेष्ठ आहेत आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या पाठ झालेल्या आहेत, त्याला कारण आहे. त्या दोहोंचा गाभा हाक हा आहे. आई ‘तू’ आहे. एकच मूल आहे, ते ‘मी’ म्हणून बोलते. हाकेला उत्तर येणार नाही हे माहीत असूनही हाक मारली जाते. त्यातून कारुण्य निर्माण होते. म्हणजेच तेथे अभावाचा स्वीकार झालेला नाही, उलट अस्वीकार हाच त्या कवितांचा प्राण आहे.

सुर्वे यांच्या कवितेत हाक नाही. शीर्षकात ‘माझी’ हे एकवचन आहे, परंतु आई प्रथमपासून अखेरपर्यंत ‘ती’ आहे. अखेरीस बोलतो तो ‘मी’ नसून ‘आम्ही’ आहे. या ‘आम्ही’चे महत्त्व समाजशास्त्रीय दृष्टीने सामूहिकतेचे म्हणून सांगितले जाते, ते बरोबरच आहे. परंतु भावाच्या दृष्टीने त्याचा परिणाम अधिक जवळचा आहे. एकट्या मुलाला हाक मारावी लागते. पाच जणांना एकमेकांकडे वळता येते. आईने निघताना दिलेली सूचना येथे आठवावी. आपसांत भांडू नका, एवढेच तिने बजावले होते. त्या रात्री मुले बिलगून झोपतात तेव्हा ती आज्ञा पाळली जात असते. कवी हा धागा जोडून दाखवत नाही. आधी आलेली एक साधी, रोजची सूचना मृत्यूनंतर मृत्युपत्रासारखी वाटू लागते, आणि हे वाचकाचे वाचकालाच उमगते. माझ्या दृष्टीने हे या कवितेचे सर्वांत सुंदर स्थळ आहे.

चरित्र आणि कविता

सुर्वे यांचे चरित्र इतके विलक्षण आहे की ते कवितेवर सावली टाकल्यावाचून राहत नाही. १९२६ साली मुंबईत रस्त्यावर सापडलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी आणले. गंगाराम आणि काशीबाई यांनी त्याला वाढविले, नाव दिले, शाळेत घातले. पुढे गंगाराम कामावरून निवृत्त होऊन कोकणात परतले. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले, अशी हकीकत सांगितली जाते. मूल पुन्हा मुंबईच्या रस्त्यावर आले. गिरणीत, हॉटेलांत मिळेल ते काम, मग महापालिकेच्या शाळेत शिपाई आणि त्यानंतर शिक्षक असा हा प्रवास आहे. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर केलेल्या चित्रपटाचे नाव ‘नारायण गंगाराम सुर्वे’ (२००२) असे आहे. हे शीर्षक मला फार अन्वर्थक वाटते. मराठी रीतीप्रमाणे मधले नाव बापाचे. ज्याच्या जन्माची नोंद नाही अशा मुलाच्या नावात ते मधले नाव येणे म्हणजेच पहिल्या अर्थाचा स्वीकार होय.

परंतु ‘माझी आई’ ही कविता आत्मचरित्र म्हणून वाचली की तिचे नुकसान होते. कवितेतील निवेदकाला चार सख्खी भावंडे आहेत, त्याला जन्मदाती आहे की पालनकर्ती, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. रस्त्यावर सापडलेल्या मुलाने लिहिलेल्या कवितेत ‘माझी आई’ हे शब्द कोणत्याही खुलाशाशिवाय येतात, ही गोष्ट लक्षणीय आहे. सापडलेल्या मुलाची आई कोणती, हा प्रश्न जगाने त्यांना आयुष्यभर विचारला असेल. कवितेने तो स्वतःला विचारलेला नाही. पहिला स्वीकार इतका पूर्ण झालेला आहे की त्याचा उल्लेखही उरलेला नाही.

नाशिकच्या वाचकाला येथे आणखी एका नावाची आठवण व्हावी. कुसुमाग्रज जन्मतः गजानन रंगनाथ शिरवाडकर होते. काका वामन शिरवाडकर यांना दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. म्हणजे त्यांच्याही मधल्या नावात स्वीकाराची खूण आहे. अर्थात दोन्ही घटनांत अंतर मोठे आहे. एकीकडे कुळातल्या कुळात, शास्त्राने व रूढीने मान्य केलेले मांडीवर घेणे, दुसरीकडे कोणत्याही शास्त्राचा आधार नसताना गिरणी कामगाराने उचलून घेतलेले तान्हे मूल. तरीही एक साम्य मनात रेंगाळते. शिरवाडकरांनी स्वतः निवडलेले नाव आईकडून आले नाही, बापाकडूनही आले नाही. ते धाकट्या बहिणीवरून आले. कुसुम हिचा अग्रज तो कुसुमाग्रज. ज्या नात्याला दत्तकविधानाचा धक्का लागत नाही अशा भावंडाच्या नात्यावर त्यांनी आपली काव्यगत ओळख उभारली. ‘माझी आई’मध्येही अखेरीस उरते ते भावंडांचेच नाते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार २००५ साली सुर्वे यांना देण्यात आला. पुरस्कारांच्या याद्यांना समीक्षेत स्थान नसते हे मान्य करूनही, त्या दोन नावांचे एकत्र येणे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

भावंडांच्या या नात्याला आपल्या परिसरात जुना वारसा आहे. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार पोरकी मुले शुद्धिपत्रासाठी पैठणास गेली, अशी परंपरा सांगते. समाजाने मुलांना स्वीकारावे म्हणून मागितलेले ते पत्र होते. त्या चौघांतील थोरल्याची समाधी त्र्यंबकेश्वरी आहे. दिंडीची उपमा देणाऱ्या कवीच्या मनात ही चार भावंडे होती, असा दावा मी करणार नाही. परंतु दिंडी पाहत वाढलेल्या वाचकाच्या मनात ती असतात आणि चारांशेजारी पाच जाऊन बसतात.

काही आक्षेप

या वाचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींनी तो घेतलाही आहे. स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे काय? ज्या व्यवस्थेने आईचा बळी घेतला तिच्याविरुद्ध अवाक्षर न काढता मुले निमूटपणे पांघरूण ओढून घेतात, हे सोशिकपणाचे गौरवीकरण नव्हे काय? आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. करुणेने गरिबी सुंदर करून दाखविणाऱ्या कविता मराठीत कमी नाहीत. परंतु येथे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलांनी स्वीकारली आहे ती आईची अनुपस्थिती, तिच्या मृत्यूची कारणे नव्हेत. कारणांविषयी कविता मूक आहे, पण तिने त्यांना क्षमाही केलेली नाही. दुसरे असे, की शरण गेलेला माणूस रडून मोकळा होतो. रडे अडवून रात्रभर जागणारी मुले शरण गेलेली नाहीत, ती तयार होत आहेत. ‘माझे विद्यापीठ’सारख्या कवितेतील निवेदक ज्या जगात उभा राहून बोलतो, त्या जगाच्या उंबरठ्यावर ही कविता मुलांना आणून सोडते. निषेध पुढच्या कवितांतून येणार आहे. त्यासाठी आधी सकाळ व्हावयास हवी.

कवितेत उणिवा नाहीत असे नाही. दसऱ्याचा प्रसंग मला काहीसा चित्रमय, सजविलेला वाटतो. वस्तुतः तो सामाजिक तपशील म्हणून अस्सल आहे. मुंबईच्या गिरण्यांत दसऱ्याला यंत्रांची पूजा होई आणि एरवी फाटकाबाहेर राहणाऱ्या बायकामुलांना त्या दिवशी आत जाता येई. पण यंत्रांमध्ये उभ्या असलेल्या आईची प्रतिमा तेथे क्षणभर पुतळ्यासारखी होते आणि कवितेचा भरभर चालणारा पाय अडखळतो. तसेच ‘कलंदर’ हा शब्द त्या रात्रीच्या मुलाचा नाही, तो पुढे मोठ्या झालेल्या माणसाचा आहे, असेही म्हणता येईल. हे दुसरे म्हणणे मी दोष मानत नाही. सबंध कविता मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आणि मोठ्या माणसाच्या तोंडून सांगितलेली आहे. शेवटच्या शब्दात ते दोघे प्रथमच समोरासमोर येतात. येथे जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होते. ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याने गांजलेले बालपण त्या सांगतात तेव्हा छळ मुलीचा असतो आणि हसू प्रौढ लक्ष्मीबाईंचे असते. आत्मदयेला जागा न ठेवणारे हे अंतर त्यांनी विनोदाने साधले, सुर्वे यांनी एका शब्दाने साधले.

वर्गातील एक अनुभव

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आज आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याने भोंगा ऐकलेला नाही. म्हणून ही कविता शिकविताना आरंभी गिरणगावाची माहिती देण्यात माझी अर्धी तासिका जात असे आणि मग कवितेसाठी उरलेला वेळ आशय सांगण्यात संपत असे. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कलाच्या वर्गात मी हा क्रम उलटा केला. काहीही न सांगता कविता दोनदा वाचली आणि ‘यातील कोणती गोष्ट तुम्ही पाहिलेली आहे?’ एवढेच विचारले. मालेगावच्या एका विद्यार्थिनीने यंत्रमागाचा आवाज सांगितला, सातपूरच्या एकाने पाळीवरून येणाऱ्या आईची वाट पाहणे सांगितले. दोन्ही उत्तरे मला अपेक्षित होती.

पेठ तालुक्यातील एक विद्यार्थी मागच्या बाकावर होता, सहसा न बोलणारा. तो म्हणाला, ‘सर, चादर.’ सहाव्या वर्षी त्याला आश्रमशाळेत ठेवले होते. वडील सोडून परत गेले त्या पहिल्या रात्री शेजारच्या तीन मुलांबरोबर एका पांघरुणात तो झोपला होता. ती मुले त्याच्या गावची नव्हती, त्यांची नावेही त्याला माहीत नव्हती. ‘सकाळी उठल्यावर एकमेकांना नावे विचारली,’ असे त्याने सांगितले. त्याचे आईवडील हयात होते, आहेत. म्हणजे मृत्यूचा संबंध नव्हता, गिरणीचाही नव्हता. तरीही कवितेतील सर्वांत अवघड जागा वर्गात त्यालाच प्रथम सापडली होती. वर्षानुवर्षे मी ज्या प्रतिमेला ‘मायेचे प्रतीक’ म्हणून फळ्यावर लिहीत आलो, ती त्याच्या लेखी प्रतीक नव्हती.

त्यानंतर त्याने विचारले, ‘ती पाच मुले पुढे कोठे गेली?’ मी सवयीने सुर्वे यांचे चरित्र सांगू लागलो, शिपायाची नोकरी, मास्तरकी, १९९५ चे परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, १९९८ ची पद्मश्री. तो शांतपणे ऐकत होता. माझे सांगून झाल्यावर म्हणाला, ‘हे कवीचे झाले, सर. मी मुलांचे विचारतो आहे.’